सतरा जणांची आत्या

बोर्डाचं पत्र आलं तेव्हा वडील दुकानात शाम्पूच्या पुड्यांची माळ टांगत होते. त्या पुड्या तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. गावातल्या बायांनी शिकेकाईला रामराम ठोकला होता, त्यामुळे वडील खुशीत होते. पोस्टमननं दिलेलं पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि मला हाक मारली. मी तांदूळ निवडायचे सोडून आले. पत्र मीच मोठ्यानं वाचलं.

बारावीच्या इतिहासाच्या पेपरात मी गैरमार्गाचा अवलंब केल्याचं परीक्षकांच्या लक्षात आलं आहे, असं त्यात होतं. आमच्या केंद्रावरच्या सतरा उत्तरपत्रिकांमध्ये एका प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द सारखं होतं. म्हणून माझा निकाल राखून ठेवला होता आणि मला पालकासह बीडला चौकशीसाठी बोलावलं होतं.

“म्हंजी कापी केलीस?” वडील म्हणाले.

“न्हाई. माझी कापी केली.”

“एकच झालं की.”

एकच नव्हतं, पण ते पटवून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. वर्षभर पाठ दुखेपर्यंत वाकून अभ्यास मी केला आणि चोरही मीच ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. मी काही अगदी संन्यासीण नव्हते, पण ते कबूल करायला मला आणखी आठ दिवस लागले.

माझं सगळं डी.एड.वर अडकलं होतं. तेव्हा आमच्याकडे मुलीनं बारावीनंतर डी.एड.ला नंबर लावला की तिचं भलं झालं असं समजत. दोन वर्षांनी मास्तरीण, मग स्वतःचा पगार, खांद्याला स्वतःची पिशवी आणि सकाळची एसटी. नंबर बारावीच्या टक्क्यांवर लागायचा. चांगले टक्के पडले तर शिकवीन, नाहीतर तलवाड्याचं स्थळ तयार आहे, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. त्या स्थळात खोट काढायला जागा नव्हती हीच पंचाईत होती. मुलाचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांच्याकडे नुकताच रंगीत टीव्ही आला होता, हे वडिलांनी मला दोनदा ऐकवलं होतं. डी.एड.च्या अर्जाची मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते. निकाल अडकला की अर्ज अडकणार, आणि अर्ज अडकला की मी आणि तो टीव्ही एका घरात नांदणार.

उत्तरातली आत्या मात्र खरी होती आणि माझीच होती. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, ती भावाकडे आली ती कायमची. जिभेची तिखट, हाताची उदार. दुकानात बसली की वडिलांच्या नकळत पोरांच्या हातावर गूळ ठेवायची. तिचा एकच हट्ट होता. माणूस घरात असताना दाराला आतून कडी लावायची नाही. “दुकानदाराचं घर हाय, उघडं टाकून कसं चालंल?” असं वडील वैतागून म्हणायचे. त्यांनी कडी लावली की आत्या उठून ती काढायची आणि उंबऱ्याजवळ अंथरूण टाकायची. ही कुरबुर इतकी जुनी होती की तिचं कारण विचारावं असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही.

त्या वर्षी परीक्षेआधी मी इतिहास मोठ्यानं वाचून पाठ करत होते. आत्या शेजारी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. ‘स्थानिक जनतेने रझाकारांच्या अत्याचारांना धैर्याने तोंड दिले,’ असं मी वाचलं आणि आत्या खुदकन हसली.

“धैर्यानं? आमी तर चाचीच्या पेट्यांमागं दडून बसलो होतो.”

आमच्या घरासमोर तेव्हा बांगड्या भरणारी एक मणियार बाई राहायची. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची. रझाकारांची टोळी गावात शिरली तेव्हा आजोबा बाजाराला गेले होते. चाचीनं माझ्या आजीला आपल्या घरात नेऊन बांगड्यांच्या पेट्यांमागं बसवलं. माझे वडील तान्हे होते, त्यांना स्वतःच्या मांडीवर घेतलं. नऊ वर्षांच्या आत्याला समोर बसवून तिच्या हातात ती हिरव्या बांगड्या भरायला लागली. दारात माणसं आली. पोरं कुणाची, म्हणून त्यांनी विचारलं. चाचीनं मान वर न करता सांगितलं, माझी. आत्याचा हात भीतीनं इतका ताठ झाला होता की बांगडी चढेना. तेव्हा चाची त्या माणसांसमोरच तिच्यावर डाफरली, “हात ढिला सोड की गं कार्टे!” ती माणसं हसली आणि पुढं गेली.

“मग चाची कुठं गेली?” मी विचारलं. समोर आता पिठाची गिरणी होती.

आत्यानं एकदा दुकानाकडे नजर टाकली. मग म्हणाली, “सांगते, पर कुणाला सांगायचं न्हाई. तुझ्या बापाला तर न्हाईच न्हाई. घे गळ्याची शपथ.”

मी शपथ घेतली आणि तिनं उरलेलं सांगितलं. ते माझ्या आजोबांबद्दल होतं आणि चांगलं नव्हतं. आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर आजोबांचा हार घातलेला फोटो होता. त्याला हात जोडल्याशिवाय वडील कधी सकाळचा व्यवहार सुरू करत नसत. आत्यानं हे त्यांच्यापासून का लपवलं ते मला सांगायची गरज नव्हती.

आमचे इतिहासाचे सर तासावर नेमलेले होते, नोकरी कायम नव्हती, पण शिकवायची हौस दांडगी. कुठलंही साधन हातात आलं की चार प्रश्न विचारा, असं ते सांगायचे. हे कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, कशासाठी सांगितलं, आणि काय सांगायचं टाळलं? चौथा प्रश्न पुस्तकात नव्हता. बोर्ड त्याला मार्क देईल की नाही ते त्यांनाही माहीत नव्हतं.

परीक्षेचं केंद्र आमच्या गावापासून दोन तासांच्या पायवाटेवर होतं. कॉपीचं सांगायचं तर त्या वर्षी जवळच्या वडवणीला झेरॉक्सचं मशीन आलं होतं आणि आख्खं गाईड काडेपेटीत मावेल एवढं बारीक करून मिळत होतं. पूर्वी मामा लोक मोठमोठे कागद खिडकीतून फेकायचे, आता भाचे खिशातच ग्रंथालय घेऊन बसायचे. इतिहासाच्या पेपरात मात्र गाईड तोंडघशी पडलं. ‘तुमच्या परिसरातील एका घटनेची माहिती मौखिक साधनाच्या आधारे लिहा व त्या साधनाची विश्वसनीयता तपासा,’ असा प्रश्न आला होता. खोलीतली कागदांची खसफस एकदम थांबली.

खिडकीबाहेरून कुणीतरी ओरडलं, “कितवा बे? नंबर सांग की!”

आतून रडवेला आवाज गेला, “गाईडात न्हाईच बे त्यो!”

मी मान खाली घालून पुरवणीवर लिहीत होते. माझ्या आत्याने मला सांगितले, अशी सुरुवात केली. चाची, पेट्या, ताठ झालेला हात, सगळं लिहिलं. मग साधन तपासलं. घटनेच्या वेळी आत्या नऊ वर्षांची होती, तिने हे स्वतः पाहिले आहे, मात्र सांगताना चाळीसहून अधिक वर्षे उलटली आहेत. सरांचा चौथा प्रश्न आठवला तेव्हा माझं पेन थांबलं. आजोबांचा फोटो डोळ्यांसमोर आला. शेवटी मी लिहिलं, ‘साधनाने काही सांगायचे टाळल्याचे आढळत नाही.’ लिहून खाली रेघ ओढली आणि मान वर केली, तर पर्यवेक्षक माझ्यामागे उभे राहून वाचत होते.

“बघू,” म्हणून त्यांनी हात पुढं केला.

ती पुरवणी त्यांना का हवी आहे हे मला कळत होतं. अजून दोन पेपर बाकी होते आणि त्या खोलीत त्यांचंच राज्य होतं. मी घाबरले. पण नुसती घाबरले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. ज्या पोरांनी वर्षभर मला ‘पोपट’ म्हणून चिडवलं, ती आता माझ्या कागदासाठी माना उंचावत होती, आणि त्याची मला आतून गोडी वाटली. मी पुरवणी दिली. ती पाऊण तासानं परत आली तेव्हा कडेला शाईचे अंगठे उमटले होते. त्या पाऊण तासात ती कुठं कुठं फिरली ते मी पाहिलं नाही, कारण मी पाहायचंच नाही असं ठरवलं होतं.

बीडला जायच्या दिवशी आत्या पहाटेच लुगडं बदलून तयार बसली. वडील म्हणाले, तुझं काय काम? तर म्हणे, “सतरा जणांनी माझं नाव घातलंय. मी नको व्हय साक्षीला?”

चौकशी एका शाळेत होती. एका वर्गात बोर्डाचे अधिकारी बसले होते आणि बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही सतरा जण, सगळ्यांचे पालक आणि एकटी आत्या. सतरापैकी निम्मी पोरं आमच्याच गावची होती. एकेकाला आत बोलवत होते. पहिला बाहेर आला तो घामानं डबडबलेला. काय विचारतात, म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडले.

“आत्याचं विचारायलेत,” तो म्हणाला. “वय काय, घर कुठं, सगळं.”

मला हायसं वाटलं. आता ह्यांची गंमत होईल आणि मी सुटेन, असं मनात आलं. पण मी पाणी पिऊन परत आले तर काय, पोरांनी आत्याला गराडा घातलेला.

“आत्या, त्या चाचीचं घर कोण्या तोंडाचं होतं वो?”

“उगवतीकडं तोंड. तिथं आता गिरणी हाय.”

“पेट्या कशाच्या होत्या?”

“पत्र्याच्या. निळ्या.”

पोरं ओठ हलवत पाठ करत होती आणि आत्या त्यांना सांगत होती, जशी गुळाचा खडा हातावर ठेवायची तशी. मी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. रागानं मला रडू येत होतं.

“आत्या, तू त्यांना कावून सांगायलीस? माझ्याकडं तेवढंच तर होतं!”

“लेकरं हायती गं. वर्ष जाईल त्यांचं.”

“आन माझं?”

माझ्या मागच्या बाकावर बसणारा मुलगा तेवढ्यात जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “ए, आत आमी हिसकावली म्हणू नको. तूच दिली म्हण.” मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मागं सरकला. हिसकावली, असंच मी सांगणार होते. पर्यवेक्षकांनी झडप घातली, मी रडले, विनवण्या केल्या, असं सगळं मी एसटीत रचून ठेवलं होतं.

माझा नंबर पंधरावा होता. वडील माझ्याबरोबर आत आले. जाड चष्म्याचे, पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे अधिकारी टेबलामागे बसले होते आणि शेजारी एक कारकून लिहून घेत होता. अधिकाऱ्यांच्या पुढ्यात सतरा उत्तरपत्रिकांची चळत होती.

“या,” ते म्हणाले. “सकाळपासून चौदा आत्या येऊन गेल्या. सगळ्या नऊ वर्षांच्या, सगळ्यांच्या हातात हिरव्या बांगड्या. एकजण म्हणाला, मला आत्याच नाही, पण असती तर तिनं हेच सांगितलं असतं. मी म्हटलं, आत्याबाईला मिशा असत्या तर! आता तू बोल.”

कारकून हसला. मला हसू आलं नाही. मी सांगायला सुरुवात केली की ही आत्या माझी आहे, चाचीचं घर उगवतीच्या तोंडाचं होतं.

“आणि तिथं आता गिरणी आहे. पेट्या निळ्या होत्या. हे चौघांनी सांगितलं.”

“सर, आत्या बाहेर बसलीय. तिला विचारा.”

“विचारू. पण व्हरांड्यात बसलेली बाई कुणाचीही आत्या होऊ शकते. तुझ्या कागदावर आहे ते सतरा जणांच्या कागदावर आहे. ते तुझंच आहे हे मी कशावरून मानू?”

त्यांनी माझी पुरवणी वर काढली, चष्मा सरकवून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘साधनाने काही सांगायचे टाळल्याचे आढळत नाही.’ हे वाक्य सतराही जणांनी लिहिलंय. असला प्रश्न पुस्तकात नाही. हे तुझं?”

“हो.”

“खरं आहे?”

वडील मध्येच म्हणाले, “खरं हाय सायेब. माझी पोरगी लबाड बोलायची न्हाई.”

ते गप्प बसले असते तर बरं झालं असतं. माझ्या एका बाजूला वडील होते, ज्यांनी आज सकाळीही त्या फोटोला हात जोडले होते. बाहेर आत्या होती, जिच्या गळ्याची मी शपथ घेतली होती. आणि माझ्यापुढं खांद्याची पिशवी होती, सकाळची एसटी होती. कितीही लाज वाटली तरी हे सांगितलं पाहिजे की मला फार वेळ लागला नाही. मी अठरा वर्षांची होते आणि मला तलवाड्याला जायचं नव्हतं.

“न्हाई सर,” मी म्हणाले. “खरं न्हाई. अर्धं सोडलंय. मी सोडलंय.”

मग मी वडिलांकडे न बघता सांगितलं. निजामाचं राज्य गेलं, लष्कर आलं, आणि त्यानंतरच्या दिवसांत बाहेरगावची माणसं हत्यारं घेऊन गल्लीत आली. ती मुसलमानांची घरं शोधत होती. चाची धावत गल्ली ओलांडून आमच्या दाराशी आली. पोरी, दार काढ, म्हणून तिनं हाक मारली. आजोबांनी आतून कडी लावली आणि आत्याच्या तोंडावर हात दाबून धरला. थोडा वेळ दार वाजलं, मग वाजायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी चाचीचं घर सताड उघडं होतं आणि गल्लीभर बांगड्यांच्या काचा होत्या. चाची पुन्हा कुणाला दिसली नाही.

वडील उठून उभे राहिले. “कोण म्हणतं असं? आमचे बाबा?” त्यांचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. “सायेब, आमच्या बाबाला आख्खं गाव मानत होतं.”

“बसा,” अधिकारी म्हणाले. त्यांनी कारकुनाला खूण केली. “त्या बाईंना बोलवा. हिनं काय सांगितलं ते त्यांना सांगू नका.”

आत्या आत आली. वडिलांचा चेहरा तिनं पाहिला, माझा पाहिला, आणि तिला कळलं असावं. ती खुर्चीवर बसली नाही. अधिकाऱ्यांनी पेट्यांचं, बांगड्यांचं विचारलं. तिनं सगळं बिनचूक सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “पुढं लष्कर आल्यावर ती बाई तुमच्या दाराशी आली होती?”

आत्यानं खुर्चीची पाठ धरली. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की तिनं एकदाच ‘हो’ म्हणावं. मी इतकी खाली घसरले होते की ती शपथ मला आठवतही नव्हती.

“आली होती,” आत्या म्हणाली.

“मग?”

“दाराला कडी लावली.”

“कुणी? तुमच्या वडिलांनी?”

आत्यानं पदर तोंडाला लावला आणि काढला. मग तिनं माझ्याकडे नाही, वडिलांकडे पाहिलं.

“न्हाई. बाबा घरात कुठं होते? मागं परसात गुळाच्या ढेपा झाकायलते. मी एकटी होते पुढच्या घरात. कडी मीच लावली. ती म्हणायली, पोरी, मी हाय, दार काढ. मी दाराला पाठ लावून बसले. ती बाबाला हाका मारत न्हवती, मला मारत होती. तिला ठावं होतं का मी हाय म्हणून. बाबा मागनं आले, म्हणले, कोण होतं गं? मी म्हणलं, कुणी न्हाई.”

कारकुनानं पेन खाली ठेवलं होतं.

“हिला कावून मी बाबाचं नाव सांगितलं?” आत्या पुढं म्हणाली. “मेलेला माणूस. त्यो कुठं न्हाई म्हणायला येतो?”

आजोबांचं पाप म्हणून जे मी मघाशी इतक्या घाईनं टेबलावर ठेवलं होतं, ते आजोबांचं नव्हतंच. चार प्रश्न पाठ होते मला. चौथा आत्यालाच विचारायचा राहिला होता.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “हे शब्दाला शब्द जुळलं म्हणून मी तुम्हाला सतरा जणांना बोलावलं,” ते मला म्हणाले. “सकाळपासून पहिल्यांदाच दोन माणसांचं जुळलं नाही. पढवलेल्यांचं असं होत नाही. ही तुझीच आत्या.” मग त्यांनी विचारलं, “पुरवणी तुझ्या हातून कशी गेली?”

एसटीत रचलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. पण आत्या तिथंच उभी होती.

“मागितली,” मी म्हणाले. “मी दिली.”

कारकुनानं ते लिहून घेतलं. माझा निकाल सोडायचा, पण त्या प्रश्नाचे गुण शून्य धरायचे, असं ठरलं. बाकीच्या सोळा जणांचं वर्ष गेलं. आयुष्यात मी जे सगळ्यात चांगलं उत्तर लिहिलं त्याला मला भोपळा मिळाला आणि तो वाजवीच होता. उरलेल्या गुणांवर डी.एड.ला अगदी काठावर माझा नंबर लागला. पुढं मी बरीच वर्षं पोरांना इतिहास शिकवला. वडिलांनी कडीचा विषय त्यानंतर कधी काढला नाही. उन्हाळ्यात एकदा चोरीची आवई उठली तेव्हासुद्धा ते दार नुसतं लोटून झोपले.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते परतीच्या एसटीतलं. वडील पुढच्या बाकावर एकटे बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी आणि आत्या खिडकीशी होतो. वडवणी जवळ येईपर्यंत मला तोंड उघडायचा धीर झाला नाही.

“मला तवा खरं कावून न्हाई सांगितलंस?” मी शेवटी विचारलं.

“तू पेपरात लिहिलं असतंस.”

“शपथ घातली होतीस की.”

“मग? आज राहिली का ती?”

मी मान खाली घातली. आत्याच म्हणाली, “तू लिहिलं असतंस, मग त्या पोरांनी बी लिहिलं असतं. माझ्या आत्यानं कडी लावली म्हणून. सतरा जणांनी.”

मला नको त्या वेळी हसू फुटलं. आत्या हसली नाही.

“हसू नको. चाचीनं त्या दिशी आमचं एकच दार वाजवलं न्हाई. मला ऐकू येत होतं. आमच्या आधी शेजारचं वाजवलं, आमच्यानंतर पलीकडचं. समद्या गल्लीत कड्या लागल्या होत्या. ह्या पोरांच्या घरात बी कुण्या आत्यानं लावलीच असंल. त्यांनी लिहिलं असतं तर ते लबाड झालं नसतं.”

कंडक्टरनं घंटी ओढली. पुढच्या बाकावरून वडील उठले, आत्याच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली आणि आम्ही उतरलो.